पाणथळाचा वकील

मी पांझरेकाठचा, साक्रीकडचा. आमच्या घरात बापापासून पाटकरीपण. पाटकरी म्हणजे काय, तर नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाच्या शेतांचा मिळून एक फड, आणि फडात कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं हे ठरवणारा राजा, हो, राजाच म्हणा, पायात वहाण नसली म्हणून काय झालं! सुगीला प्रत्येक वाफ्यातून भाताची पेंढी आमच्या दारात यायची, त्यावर आमचं वर्ष निघायचं.

दुसरा धंदा सोंगाचा. पोलीस पाटलाची चाल, नानाचं खाकरणं, सगळं करून दाखवायचो. नाना म्हणजे माझा चुलतभाऊ, फडाचा मुख्य पंच. तोही पोट धरून हसायचा.

तर फडाच्या शेपटाला, जिथं उरलेलं पाणी जाऊन साचायचं, तिथं एक पाणथळ होतं. लव्हाळा, चिखल, म्हशी. भाताची पाळी संपून वाफे आटले की तिथले जीव त्या पाणथळात जायचे, पुन्हा पाणी सोडलं की पुन्हा भातात. मी रोज पाटावरून फिरणारा माणूस, मला दिसायचं. चतुर उडायचे आणि भातावरचे तुडतुडे फुटाण्यासारखे उचलायचे. एखादा तुडतुडा निसटून पाण्यात पडला, की निवळ्या, पाण्यावर चालणारे ते लांब पायांचे किडे, धावत आल्याच.

नाना म्हणाला, हे पाणथळ फोडू, चर काढू, वाफे निघतील. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, तठे काय शे? बठ्ठा किडाच ना? सगळा किडाच, म्हणे.

काय सांगू तुम्हाला, देवळापुढं बैठक भरली आणि मी उभा राहिलो. नुसतं बोललो तर ऐकतील का? म्हणून करून दाखवलं. हात पसरून चतुर झालो, धोतर खोचून निवळी झालो, तुडतुडा होऊन पाण्यात पडलो आणि स्वतःच स्वतःला खाल्लं. लोक इतके हसले, इतके हसले की नानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून तो म्हणाला, पाणथळ फोडायचं, हात वर करा. सगळ्यांचे हात वर.

घरी बायको म्हणाली, तुम्हले नाटक कराले कोनी सांगं व्हतं?

चर खणला. त्याच सालात किडीवरची पावडर आली. फडाची रीत अशी की जे करायचं ते सगळ्यांनी एकदम, म्हणून फडक्यात पावडर बांधून सगळ्यांनी एकाच दिवशी झटकली. पहिलं पीक छान आलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या साली तुडतुडे आले. पुन्हा पावडर झटकली, पुन्हा तुडतुडे, आणि भात वणवा लागल्यासारखा जागच्या जागी करपला. मी शिकलेला नाही, शपथेवर सांगता यायचं नाही. पण त्या साली फडावर मला एकही चतुर दिसला नाही.

पुन्हा बैठक. नाना म्हणाला, पाटकऱ्यानं पाणी तुंबवलं म्हणून कीड पडली. या खेपेला मी सोंग केलं नाही, हात जोडून सरळ बोललो. तरी मागून कुणीतरी ओरडलं, भो, आते तुडतुडा व्हय ना! आणि पुन्हा सगळे हसले. त्याच हसण्यात पाटकरीपण गेलं, नानाच्या मेहुण्याकडे.

आता तो ठरवतो. माझा एकच वाफा, त्याला पाणी सगळ्यांच्या शेवटी. मी बांधावर बसून असतो. तो लांबून म्हणतो, आबा, आज नाही व्हनार. मी म्हणतो, सोड बाबा, आधी बठ्ठ्यांना सोड, पिकू दे त्यांचं. मी शे अठेच बठेल.