पितळेचा खल

नाई नाई, उठू नका योगेंद्रभाऊ, बसा — ते निर्मलाबाईले पुकारलं, मोतीबिंदूवाल्या. तुमची माय आतच हाये, ऑपरेशनच्या टेबलावर. धानाच्या रोवण्यात बांधाच्या धुऱ्यावरून घसरली नं ती? गुडघ्याखालचं हाड चेपलं, आत पोकळी झाली, ते भरून राहिले डॉक्टर. कायनं? तेच त सांगून राहिलो मी — सिमेंटनं. घराच्या नाई हो, हाडाच्या. पांढरी पावडर राहते, तिच्यात आंबट पाणी टाकतेत, कालवून भरतेत. हाडात असते तोच मसाला, कॅल्शियम आणि फॉस्फेट — आणि आमच्या लॅबच्या तेजस्विनी मॅडम त्यात एक धातू टाकतेत, स्ट्रॉन्शियम. चिमूटभर. कायले? हाड लवकर धरते म्हणून. कमी पडलं त काही होत नाई, जास्त झालं त नुकसान — मॅडम काट्यावर तोलतेत तवा आमी कोणी खोकत पण नाई. माणसाले लावाची परमिशन हाये, सारं कागदावर हाये. तुमी सही केली नं? मंग.

मी चंद्रभान. लॅबमधला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी लागलो इथं. तुमच्या मायची पावडर याच हातानं घोटली — चार तास, एका बैठकीत. मशीन हाये की, पण मॅडमचा भरवसा माझ्या हातावर. आमचं घरच भांडेवाल्यांचं. माझा बाप सोमाजी पाण्याचा पितळी गुंड ठोके त गल्लीतले लोक आवाजावरून ओळखत.

माणसाआधी सशांवर करून पाहा लागते; पावडरच्या सहा खेपा वाया गेल्या होत्या मॅडमच्या. सातव्या खेपेले सशांचं हाड असं भरलं का मॅडमच्या डोळ्याले पाणी आलं. मले स्वतःच्या हातानं पेढा देल्ला. वहीत लिहिलं, का स्ट्रॉन्शियमचं माप आता बरोबर जमलं. मी काय बोलतो? माप त सहाव्या खेपेचंच होतं — मॅडमनं तोललं तवा मी पाशीच होतो जी, तेच होतं.

मंग बदललं काय? काही नाई बदललं. खल बदलला. दगडाचा खल होता, अकीकचा, त्याले माझ्या हातून तडा गेला. सांगितलं असतं त नवा येईपर्यंत मॅडमचे दोन महिने जाते, आणि विचारलं असतं, फुटला कसा. म्हणून घरून बापाचा आणला — पितळेचा. त्यात आमी तीन पिढ्या औषध कुटलं, कोणाले काही झालं नाई. कल्हई होती हो — म्हणजे, काठाले होती, बुडाची गेली होती. कल्हईवाला आता येते कुठं? बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवाचं नाई, एवढं आमच्या घरचं लेकरूही सांगते. पण पावडर त कोरडी! कोरड्यानं काय होते? — होते. ती पावडर लय कडक, तिनं पितळ घासून काढलं. घोटता घोटता जराशी राखी रंगाची दिसाले लागली, मी म्हटलं उजेड कमी हाये. तांबं उतरलं, जस्त उतरलं, जुन्या पितळेत शिसंही राहते म्हणतेत. आणि मॅडम समजतेत, आपण एकच धातू टाकला.

पण हाड त भरलं नं? मंग कायले कोणाचा आनंद घालवाचा! त्या खुश, मी खुश. अकरा हप्ते चाललं असं. मंग दोन सशांचे पाय — नाई, ते काही नाई. सशाचं काय, हवा बदलली का बिमार पडते. — काळे पडले. पायापासून वर वर. खाणं सोडलं त्यायनं. मॅडम नागपूरले होत्या, परमिशनच्याच मीटिंगले. मी करंजीखाली खड्डा केला, पुरले, आणि त्यायच्या पिंजऱ्यात दुसरे दोन सोडले, धडधाकट. मंग परमिशनवाले साहेब लोक पाहाले आले त त्याच दोघांच्या पाठीवरून हात फिरवून गेले. मले भेव वाटलं होतं तवा, खोटं कायले सांगू.

असे पाहू नका माझ्याकडे. दगडाचा नवा खल आला होता नं मंग! पण तुमच्या मायसाठी घोटाले बसलो तवा वाटलं, दगडानं घोटलं आणि हाड भरलंच नाई त? बाई जलमभर लंगडत राहीन, मॅडमची सारी मेहनत मातीत जाईन. पितळेनं हाड धरते, हे मी डोळ्यानं पाह्यलं. म्हणून मंग — हाओ. त्यातच घोटलं.

कुठं चालले? दार वाजवून काय सांगता? मले सांगाचंच होतं हो, सकाळपासून तीन खेपा त्या दारापाशी जाऊन आलो. आता काही होत नाई. पाणी पडलं का आठ मिनिटात गोटा होते, मंग काढाचं म्हटलं त हाडच काढा लागते. आत कालवाले घेतलं, तवाच मी येऊन तुमच्यापाशी बसलो. म्हटलं, आता सांगितलं त चालते — सोडा माझा हात, योगेंद्रभाऊ. सोडा. मायले बाहेर आणून राहिले, जा.