पासबुक छापायचा दिवस

…आणि वर बँकेतली पोरगी मलाच विचारते, "आजोबा, तुमच्या वयाला शोभेल असं खातं देऊ का?" आता तुमाला सांगतो, वयाला शोभल असा सदरा असतो, टोपी असते, भिंतीवर लावायचा फोटो असतो, पण खातं?

हे सगळं आमच्या हितेशचं काम. पोरगा माझा, कल्याणला नोकरीला, मोबाईलवर बोट फिरवलं का त्याचं लाइट बिल भरतं, म्हणून बापानं पण बोटच फिरवावं. बोलला, "दादा, दर बाजाराला सापगाववरून शहापूरला कशाला जाता? ज्येष्ठांचं खातं घ्या, बँकेचा माणूस पैसे घरी आणून देतो." अरे, पैसे काढायला जातो कोण? मी जातो पासबुक छापायला! त्यात नवीन काय छापून येत नाय, ते मला ठाऊक, मशीनवाल्याला ठाऊक, पण आठवड्यातून एकदा घरातून सुटायला माणसाला काय तरी काम लागतं का नाय? भगीरथच्या हॉटेलात कांदाभजी, चार माणसं, दोन शिव्या… ते पण बँकेचा माणूस घरी आणून देणार? म्हणे वयाला शोभल असं खातं.

तर बँकेतली ती कुणाली, पोर गोड बोलायला, एकेक कागद पुढं सरकवते, "हे शिकणाऱ्यांचं, हे पगारवाल्यांचं, हे महिलांचं, आणि हे तुमचं." मी बोललो, "बाय, मी शिकलो नाय, पगार कधी बघितला नाय, बाई तर नायच नाय, आणि अजून भाताच्या आवणीला चिखलात उभा राहतो, मग ज्येष्ठ कुठून झालो? मला असं खातं दे, ज्यात घरी बसून काय्येक होणार नाय." बाजूला बसलेल्या हितेशनं कपाळाला हात लावला. तिनं आणखी एक कागद काढला, बोलली, "मग आजींबरोबर दोघांच्या सहीचं घ्या. मोबाईलवर चालत नाही, दर वेळी बँकेत यावं लागेल."

मी खूश. मनात बोललो, बायको माझी, वत्सला, चुलीपाशी सही करल, कागद घेऊन मी सुटेन.

पण खातं उघडायला तिला एकदा न्यावी लागली ना… तिथंच घात झाला. पंख्याखाली बसली, कुणालीनं चहा पाजला, येताना बांगड्या भरल्या, आणि पुढच्या बाजाराला ही माझ्याआधी तयार. भगीरथच्या हॉटेलात मी तोंड उघडायच्या आत हिची ऑर्डर, "यांना भजी नको, खोकला होतो. बिनसाखरेचा चहा द्या." चार माणसं खाली मान घालून हसतात. शिव्या तर बंदच. घ्या, वयाला शोभल असं खातं.

आज सकाळी मला जरा खोकला आला. एकदाच. ही बोलली, "तुमी पडा. पासबुक छापायला दोघं कशाला?" पिशवी घेतली, रिक्षात बसली, गेली. दिवस कलला, अजून पत्ता नाय… मी आपला अंगणात कोंबड्या राखत बसलोय. वयाला शोभल असा.