पडद्यांसाठी रांग

गदगला दिवंगत चित्रकार विरूपाक्षप्पांनी रंगवलेल्या नाटकांच्या पडद्यांचं प्रदर्शन भरलं होतं. रांगेत पुस्तक वाचत उभ्या असलेल्या गुरुशांतप्पा मास्तरांच्या कानावर पुढच्या दोघींचं बोलणं पडलं.

"शिवलिंगक्का, तू त्यांची बायको! उन्हात कशाला उभी राहतेस? सरळ आत जा की."

"तुला ऊन लागत असेल तर तू जा, कल्लव्वा."

"मला मेलीला कोण सोडतंय? पुढची खुर्ची तुझ्यासाठी ठेवलीय."

"राहू दे रिकामी."

"अगं, ते बघ, संयोजक आले तुला न्यायला."

"अक्का, चला ना. उद्घाटन खोळंबलंय."

"करा तुम्ही सुरू. मी रांगेतनं येते."

"पण का, अक्का?"

"आमचे हे नाटकाला तिकिटाची रांग लागली की दारात उभे राहून बघायचे. म्हणायचे, ही सगळी नटांसाठी आलीत, माझ्या पडद्यासाठी एकही नाही. आज इथे नट नाही, गाणं नाही. मग मी रांग कशी सोडू?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"बरं बाई, सरक पुढं. मागं पार वळणापर्यंत माणसं आहेत."

"ठाऊक आहे. मघापासून तेच बघतेय."