यादीत नसलेलं पंधरावं मैदान

सन्माननीय अध्यक्ष देविकाताई, आजचे प्रमुख पाहुणे आणि आमचे जुने शेजारी ज्ञानेश्वरराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सुयश, शाल्मली आणि त्यांची चार वर्षांची अन्वी, रेडिंग-स्लावची मंडळी, इल्फर्डहून दोन गाड्या बदलून आलेले आपले स्नेही, मागे वड्यांची परात सांभाळत उभ्या असलेल्या भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी अरुणा, आपणा सर्वांना या कमलाकरचा मनापासून नमस्कार.

देविकाताईंनी माझी ओळख करून देताना म्हटलं, "अमेरिकेत भर स्टेडियममध्ये जिवाची पर्वा न करता पत्नीला वाचवणारे आमचे कमलाकरकाका." आपण टाळ्याही वाजवल्यात. टाळ्या चालू होत्या तेव्हा मी मागच्या दाराकडे बघत होतो. एकाहत्तरावं सरलं तरी पळून जाण्याइतके गुडघे ठणठणीत आहेत. मी घाबरलोय. सुयशच्या कौतुकाची चार पानं लिहून आणली होती, ती खिशातच राहू देत. पाच वाजता हॉल सोडायचा आहे, केअरटेकरसाहेबांनी दोनदा घड्याळ दाखवून झालं, त्यामुळे मुद्द्याचंच बोलतो.

सुयश सहा वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर नागपूरहून इथे इंग्लंडला, मेडनहेडला आला. आपल्या गणपतीचा मांडव, साउंड सिस्टिम, पार्किंगच्या भांडणात समजूत घालणं, सगळं या पोराने केलं. आता कंपनी त्याला अमेरिकेला पाठवते आहे. गुरुवारी विमान आहे. पण माझ्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं काम वेगळंच. सबंध मंडळात माझी बेसबॉलची बडबड जांभई न देता ऐकणारा हा एकटा माणूस!

नवीन मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अरुणाचा भाऊ शशी अमेरिकेत असतो. त्याच्याकडे जाता जाता मला बेसबॉलचं वेड लागलं. खेळापेक्षा स्टेडियमचं जास्त. कुठलं मैदान कसं, बसायला कुठे छान, खायला काय, हे सगळं तोलून मी त्यांना नंबर देतो आणि ती यादी दर वर्षी आपल्या दिवाळी अंकात येते. आजवर चौदा मैदानं झाली. यादीच्या शेवटी माझं एक वाक्य ठरलेलं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे. जाळीमागे बसून बेसबॉल बघणं म्हणजे मच्छरदाणीतून कोजागिरीचा चंद्र बघणं! काय हशा मिळायचा त्या वाक्याला. आत्ताही मिळाला बघा.

ही जाळी असते प्रेक्षकांसाठी. बॅटला चाटून तिरका उडालेला चेंडू सरळ लोकांच्या अंगावर येतो. आपल्या क्रिकेटचा चेंडू सीमारेषेपर्यंत येईस्तोवर बहुधा दमलेला असतो, हा दमत नाही. हल्ली त्यांनी जाळ्या बऱ्याच लांबवर नेल्या आहेत. पण त्या कुठेतरी संपतात, आणि त्यापुढे कठड्याला लागून रांगा असतात. ज्याने चेंडू झेलला, चेंडू त्याचा, असा तिथला रिवाज. म्हणून लोक हौसेने तिथे बसतात.

गेल्या रविवारी सुयश दोघींना घेऊन आमच्या घरी आला. दारातच म्हणाला, "काका, तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्याची मॅच मिळाली! जाळीच्या पलीकडे, पहिली रांग. शाल्मली नाही म्हणत होती, तिला तुमचं मच्छरदाणीचं वाक्य ऐकवलं." शाल्मली म्हणाली, "काका, पण अन्वीला तिथे चालेल ना? तुम्ही सांगितलंत तर मी निर्धास्त." आणि अन्वीने हातातला नवा कोरा ग्लोव्ह माझ्या नाकासमोर नाचवला. "कमलआजोबा, मी बॉल कॅच करणार!"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अगं, चालेल की."

ते गेले. सात दिवस मी नीट झोपलेलो नाही. डोळे मिटले की ते पोर दिसतं, मांडीवर बसलेलं, दोन्ही हात पुढे केलेलं.

अरुणा, खुणा करू नकोस. मला बोलू दे.

मंडळी, यादीत मैदानं चौदा आहेत. मी पाहिलीत पंधरा. पंधराव्याचं नाव मी कधी छापलं नाही, आजही घेणार नाही, त्या मैदानाचा त्यात काही दोष नव्हता. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तेव्हा जाळी फक्त बॅटरच्या पाठीशी असायची, आमच्यासमोर काही नव्हतं. दुपारची वेळ, छान ऊन. अरुणा मला विचारत होती, "अहो, हे लोक आता का उठून उभे राहिले?" मी सांगायला तोंड उघडलं आणि बॅटचा आवाज आला. फळी तुटावी तसा आवाज. चेंडू वर गेला नाही. तो नुसता मोठा होत गेला.

आपल्याला जी गोष्ट माहीत आहे ती अशी, की मी अरुणाला बाजूला ओढलं, चेंडू माझ्या खांद्याला घासून गेला, आणि ती पायरीवर पडल्यामुळे तिचा उजवा हात मोडला. या गोष्टीसाठी याच मंडळाने, याच हॉलमध्ये मला शाल-श्रीफळ दिलं.

ही गोष्ट खोटी आहे.

मी तीस वर्षं हॉस्पिटलात रेडिओग्राफर होतो. हजारो मोडलेले हात मी मशीनखाली धरले असतील. माणूस पडला की बहुतेक वेळा मनगट मोडतं. अरुणाचं मनगट शाबूत आहे. तिची मधली दोन बोटं मोडली, जी आजही पुरती मिटत नाहीत. आपण सगळ्यांनी पाहिलंय, ती चहाचा कप डाव्या हाताने उचलते. अशी बोटं कधी मोडतात? समोरून येणाऱ्या वस्तूला तळहात आडवा केला की मोडतात. ज्ञानेश्वरराव, तुम्ही सर्जन होतात. तुम्हाला एकदाही शंका आली नाही? की आली आणि तुम्ही सज्जनपणे गप्प बसलात?

चेंडू माझ्याकडे येत होता. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मी वाकलो असतो तर एक वेळ माफ होतं, कोणीही वाकेल. मी वाकलो नाही. मी अरुणाच्या मागे गेलो.

जरा पाणी घेतो.

आणखी एक आहे. ते मी आजवर स्वतःशीसुद्धा शब्दांत बोललेलो नाही. तिला बाजूला होता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण मागून मी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते. तिने सुटायचा प्रयत्न केला, तो मला हातांना जाणवला, आणि तरी मी सोडलं नाही. मग तिने हात वर केला.

स्टेडियमच्या फर्स्ट एडच्या खोलीत शशीचा फोन आला. बर्फाची पिशवी मी धरली होती आणि ही फोनवर म्हणाली, "अरे, ह्यांनी ओढलं म्हणून वाचले मी. पायरीवर हात आपटला, एवढंच." मला वाटलं, वेदनेच्या भरात बोलते आहे, नंतर दुरुस्त करेल. विमानात वाटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी आलो तर शशीने सगळ्यांना कळवून झालं होतं आणि दारात फुलं घेऊन माणसं उभी होती. ती दुरुस्त करेल म्हणून मी थांबलो. अकरा वर्षं थांबलो. या विषयावर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. ती हे माझ्यासाठी बोलली की आमच्या मुलांसाठी, की तिला स्वतःलाच खरं सोसवत नव्हतं म्हणून? विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी नऊ मैदानं पाहिली, एकट्याने. आपण म्हणायचात, काय हौशी माणूस आहे! कसली हौस? मी मुद्दाम जाळी संपते तिथे बसायचो. वाटायचं, एकदा तरी चेंडू येईल आणि मी हात पुढे करीन. तीन-तीन तास बसायचो. चेंडू यायचे. एकदा मी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीमागे लपलो, त्याची बिअर माझ्या डोक्यावर सांडली. चेंडू आला तेव्हा दर वेळी लपलो. एकही अपवाद नाही.

आणि मग घरी येऊन यादी करायचो. त्या यादीचं गुपितही सांगून टाकतो. पिट्सबर्गला मी पहिला नंबर दिला. लोकांना वाटलं नदीमुळे, त्या पिवळ्या पुलांमुळे. सुंदरच आहे ते. पण खरं कारण, त्या संध्याकाळी माझ्या बाजूला एकही चेंडू आला नाही. सॅन फ्रान्सिस्को दुसरं, कारण तिथे थंडी वाजते म्हणायची सोय होती, त्या निमित्ताने वर जाऊन बसलो. तिसरं आपलं लंडन स्टेडियम, स्ट्रॅटफर्डचं. बेसबॉलवाल्यांना ते आवडत नाही, खेळपट्टी प्रेक्षकांपासून फार लांब पडते म्हणतात. मला तेवढ्यासाठीच आवडलं! आपण समजलात देशप्रेम. आणि शिकागोची ती वेलींची भिंत, शंभर वर्षांचं मैदान, त्याला मी बारावा नंबर दिला. बॉस्टनला तेरावा. त्यावरून ज्ञानेश्वररावांच्या चिरंजीवांनी बॉस्टनहून मला दोन पानी ईमेल पाठवली होती, त्यात मला बेसबॉलमधलं काही कळत नाही असं त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्यांना म्हणावं, कळतं. पण तिथे प्रेक्षक मैदानाच्या इतके जवळ बसतात की मला श्वास घेता येईना. यादी सौंदर्याची नव्हतीच. मला कुठे किती भीती वाटली, त्याची ती यादी आहे. आणि खाली ते मच्छरदाणीचं वाक्य, म्हणजे कोणाला संशय नको.

सुयश, त्या वाक्यावर भरवसा ठेवून तू तिकिटं काढलीस. मी तुला हे घरी बोलावून, दार लावून सांगू शकलो असतो. सोमवारी फोन उचलला होता, मंगळवारीही उचलला. तू "बोला काका" म्हणालास की मी हवापाण्याचं बोलायचो. चार भिंतींत मी पुन्हा पळ काढला असता, हे मला पक्कं कळलं. इथे दीडशे माणसं आहेत, मला पळता येत नाही.

तू म्हणशील, काका, मी आहे ना, मी अन्वीला सांभाळीन. मलाही तसंच वाटायचं रे. बायकोवर माझा जीव होता, आहे. तेवढ्या अर्ध्या सेकंदात आपण कोण ठरू हे कोणालाच आधी सांगता येत नाही. तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरा निघशील, पण त्याची परीक्षा त्या पोरीच्या चेहऱ्यावर नको. मी काल त्याच सामन्याची तीन तिकिटं काढली आहेत, जाळीच्या मागची, वरच्या मजल्यावरची. तुझ्या फोनवर आली आहेत. आत्ता, माझ्यासमोर स्वीकार कर. शाल्मली, तू बघ त्याने केलं का. केलं? मान हलवलीस ना? सगळ्यांनी पाहिलं. पलीकडची तिकिटं परत होत नसतील तर फुकट जाऊ देत. अन्वी, बाळा, ग्लोव्ह घेऊन जा, वरूनही बॉल खूप छान दिसतो.

झालं. देविकाताई, यंदाच्या अंकात माझी यादी छापू नका. जमलं तर हे छापा.

आपण एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल व्यासपीठाचे आणि सभागृहाचे आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे काढलं, सुयश-शाल्मलीच्या निरोपाचा वेळ खाल्ला, बोलताना कुठे तोल गेला असेल, ते सारं आपण पोटात घालावं. बाकीची क्षमा मी आपल्याकडे मागत नाही, कारण ती देणं आपल्या हातात नाही.

ती उठली आहे. मंडळी, जरा वाट द्या. अरुणा, पायरीला कठडा नाही, जपून ये. तू काय बोलणार आहेस, मला माहीत नाही. अकरा वर्षं मी ह्याच क्षणाला भीत आलो, आत्ताही भीतोय.

हा घे माईक. मी कुठे जात नाही, इथेच समोर उभा आहे.