शिंप्याने घेतलं ट्रॅक्टरचं माप

...नाही, पण मी म्हणतो, दोन इंच! दोन इंच म्हणजे असतं तरी किती हो? हे एवढं! अंगठ्याची दोन पेरं! एवढं तर दुपारी जेवून उठलात की तुमचं पोट पुढे येतं, आणि पँट बिचारी हूं की चूं करत नाही, बटण जरा कुरकुरतं आणि गप्प बसतं... पण त्या लोखंडी दांड्याला दोन इंच सोसेनात! आणि वर लोक मला विचारतात, "काय टेलर, काय झालं म्हणे शेतात?" जसं काही यांना माहीतच नाही! अख्ख्या बाजाराला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकायचंय. ऐका मग. ते कापड जरा बाजूला सरकवा आणि बसा.

तर तुम्हाला सांगतो, माझा यंत्रबिंत्राशी काडीचा संबंध नाही. मी शिंपी माणूस. तीस वर्षं मापं घेतोय मी! शेती आमच्या दादाची, थोरल्या भावाची. दोन एकर बटाटा. आणि यंदा दादाने हौसेने एक जुना डिगर विकत घेतला. डिगर म्हणजे बटाटे काढायचं यंत्र हो, ट्रॅक्टरच्या मागे लावायचं, ते जमिनीत घुसतं, माती चाळतं आणि बटाटे वर आणून टाकतं. आता हे यंत्र काही स्वतःच्या मनाने फिरत नाही, त्याला ताकद लागते, ती ट्रॅक्टरकडून येते, आणि ती ज्या दांड्यातून येते तो शाफ्ट. तर विकणाऱ्याने डिगर दिला, दोन पान्हे दिले, वर चहा पाजला, पण शाफ्ट काही दिला नाही! म्हणजे कोट द्यायचा आणि बाह्या ठेवून घ्यायच्या! दादा म्हणाला, "असू दे, नवा घेऊ." आणि नवा घ्यायला निघणार त्याच्या आदल्या दिवशी शिडीवरून पडला. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर!

मी बघायला गेलो, सफरचंदं घेऊन गेलो, चांगल्या मनाने गेलो. दादा बाजेवर आडवा, पाय उशीवर, नजर आभाळाकडे. म्हणाला, "आठवड्यात पाऊस सांगितलाय. ओल्या जमिनीत बटाटा राहिला तर सडेल. तू शाफ्ट घेऊन ये." मी म्हटलं, "मी? अरे, मला त्यातलं काय कळतं?" तर म्हणतो, "मापं घेतोस ना दिवसभर? मग एक ट्रॅक्टरचं घे."

झालं! इथे चुकलो मी. तिथल्या तिथे हात जोडून "नाही जमणार" म्हटलं असतं तर आज ही वेळ आली नसती. पण माणसाची मान एकदा ताठ झाली ना, की तिला खालचा खड्डा दिसत नाही. म्हटलं, "माप ना? तीस वर्षं मापं घेतोय मी! ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर!"

आणि गेलो की हो गोठ्यामागे, गळ्यात टेप, कानावर खडू! ट्रॅक्टर आपला उभा, मागे डिगर जमिनीवर टेकलेला. दोघांच्या मध्ये जागा. टेपचं एक टोक इकडे लावलं, एक तिकडे, आणि आकडा वहीत लिहिला. सवयीने पुढे "ढिलं हवं का?" असंही लिहिलं. एवढ्यात बाजेवरून दादा ओरडतोय, "अरे, नुसतं खाली ठेवून मोजू नकोस! डिगर वर उचल, शाफ्ट सरळ रेषेत येईल ना, तिथे दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात, तिथलं माप घे!" मी म्हटलं, हो हो. मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला काय मी उचलून मोजतो? उभं राहायचं, श्वास सोडायचा, माप झालं!

वहिनी तिथेच पोती मोकळी करत होती. आमची वहिनी म्हणजे बोलणं कमी, बघणं जास्त. तिने माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, म्हणाली, "भावोजी, हे म्हणतायत तसं एकदा उचलून बघायचं का?" मी म्हटलं, "वहिनी, तीस वर्षं मापं घेतोय मी." ती म्हणाली, "बरं." ते "बरं" मला अजून ऐकू येतं!

मग दुकान. अहो, मला वाटलं होतं शाफ्ट म्हणजे शाफ्ट! एक द्या म्हणायचं आणि घेऊन यायचा! तर भिंतीवर हे शंभर शाफ्ट टांगलेले, पिवळे, काळे, जाड, बारीक, आणि दुकानदार कानाला पेन लावून, मान वर न करता विचारतो, "किती एचपी?"

मी म्हटलं, "मध्यम."

"मध्यम?"

"म्हणजे फार लठ्ठ नाही."

आता त्याने मान वर केली. "दाते किती? सहा की एकवीस?" मला काय माहीत ट्रॅक्टरला दाते असतात! वहिनीला फोन लावला. म्हटलं, "वहिनी, जरा दाते मोजा." ती पलीकडून म्हणते, "यांचे?" म्हटलं, "नाही हो, ट्रॅक्टरचे! मागे तो फिरणारा खुंट आहे ना, त्याचे!" गेली, मोजले, म्हणाली, "सहा. आणि भावोजी, लांबी उचलून..." मी फोन ठेवला!

दुकानदार पुढे चालूच. "क्लचवाला की बोल्टवाला?" म्हटलं, फरक काय? म्हणतो, "डिगरमध्ये दगड अडकला की बोल्टवाल्याचा बोल्ट तुटतो. तुटायलाच ठेवलेला असतो. क्लचवाला नुसता घसरतो." म्हणजे बघा, एक स्वतः मोडतो आणि एक अंग काढून घेतो! आमच्या धंद्यात जो दोरा तुटतो त्याला आम्ही शिव्या घालतो, आणि इथे तुटण्याचीच कौतुकं! मी बोल्टवाला घेतला. मला तो बिचारा प्रामाणिक वाटला. मग म्हणतो, "वरचं कव्हर घ्यायलाच लागेल. फिरत्या शाफ्टमध्ये शर्टाची बाही गेली तर माणूस आत जातो." हे मात्र मला एका झटक्यात पटलं. म्हटलं, दोन कव्हर द्या. तो म्हणाला, एकच बसतं.

"आणि लांबी?" मी वही काढली. आकडा सांगितला आणि म्हटलं, "वर थोडा जास्तच द्या." तो म्हणाला, "लांब देतो, घरी मोजून कापा. एकात एक सरकणारे दोन पाइप आहेत, दोन्ही सारखे कापा. पण कापा हं! न कापता लावू नका!" मला म्हणतो, कापा! अहो, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

आता मूळ दुखणं इथे आहे, नीट ऐका. शिंपी कपडा कापतो ना, तो कधीही अगदी मापाला कापत नाही. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवतो. माया म्हणतो आम्ही त्याला. गिऱ्हाईक सुटतं, पोरं वाढतात, तेव्हा शिवण उसवायची आणि माया सोडायची. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "जास्त ठेवलेलं कापता येतं, कापलेलं जोडता येत नाही." हे माझ्या रक्तात भिनलंय हो! वहिनीने मागाहून डिगर उचलून मोजलं होतं, त्यावरून दादा म्हणाला, "चार इंच काप." मी करवत घेतली, चार इंचांवर खडूने रेघ मारली, करवत ठेवली... आणि हात पुढे जाईना! कापून टाकलं आणि कमी पडलं तर? म्हटलं, दोन कापू. दोन राहू देत आत. पुढेमागे ट्रॅक्टर सुटला तर!

हसा! हसा! ट्रॅक्टर कुठे सुटतो, हे आता मलाही कळतं!

बसवला शाफ्ट. आणि तुम्हाला सांगतो, असा बसला, असा बसला, की बघत राहावं! इकडून टक, तिकडून टक! दादाची बाज चौघांनी उचलून बांधावर आणली होती, तो म्हणाला, "चार इंच कापलंस ना?" मी म्हटलं, "दादा, तीस वर्षं मापं घेतोय मी." खोटं बोललो नाही, बघा! फक्त उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं. ट्रॅक्टरवर चढलो, ट्रॅक्टर चालवता येतो मला, तेवढं येतं. दादा ओरडला, "आधी यंत्र बंद ठेवून नुसता वरखाली करून बघ!" मी दांडी ओढली. डिगर उठायला लागला. हळूहळू वर... वर... आणि मध्यावर आला आणि अडला. मला वाटलं, जुना आहे, आळस करतोय. दांडी आणखी ओढली. "थांबा!" वहिनी ओरडली. मी थांबेपर्यंत, कड्ड!

असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शाफ्टचे दोन्ही पाइप एकमेकांत पार टोकापर्यंत गेले होते, पुढे जायला जागा नाही, आणि वरून मी दाबतोय! मग ज्याला जागा नाही ते काय करणार? त्याने डिगरच्या गिअरबॉक्सला धक्का दिला. तोंडापाशी ही एवढी भेग, आणि त्यातून तेल, टप्... टप्... वहिनी वाकली, शाफ्ट बघितला, माझी खडूची रेघ बघितली. कापलेल्या टोकाच्या दोन इंच आत तशीच शाबूत होती! म्हणाली, "लोखंडाला कसली माया, भावोजी?"

दादा शिव्या घालेल, मला वाटलं. घालायला हव्या होत्या, बरं वाटलं असतं. तो नुसता आभाळाकडे बघत होता. मिस्त्री आला, म्हणाला, आठ दिवस. गावातले बाकीचे डिगर आपापल्या शेतात गुंतलेले. मजूर मिळेनात. आणि पश्चिमेकडून ढग. तुम्हाला खरं सांगू? मला रडू आलं. याच शेतातल्या बटाट्यांवर दादाने मला पहिलं शिलाई मशीन घेऊन दिलं होतं, आणि मी त्याचं वर्षभराचं पीक दोन इंचांत मातीत घातलं.

वहिनीने कुदळ आणली. माझ्या हातात दिली. "चला," म्हणाली. बस्स, एवढंच. दुकानाला कुलूप लावलं आणि लागलो खणायला. पहिल्या दिवशी आम्ही दोघं मिळून चार सऱ्या. चार! आणि माझी कंबर अशी वाकली की स्वतःच्या पँटची तळशिलाई बघत घरी गेलो. चांगली नव्हती शिलाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बांधावर हेडमास्तर! "टेलर, दुकान बंद? माझा कोट? तीन महिने 'उद्या या' म्हणताय!" मी कुदळ टाकून लपणार तेवढ्यात वहिनी पुढे झाली. म्हणाली, "मास्तर, कोट मिळेल. पण बटाटे निघाल्याशिवाय भावोजी शेतातून हलत नाहीत. जेवढे लवकर बटाटे, तेवढा लवकर कोट. ही सरी तुमची." आणि तुम्हाला सांगतो, त्या म्हाताऱ्या माणसाने चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या आणि बसला की हो खणायला! दर पाच मिनिटांनी मला म्हणतो, "पाठ सरळ! पाठ सरळ!" मागून पोस्टमन आला, त्याचे दोन गणवेश माझ्याकडे. त्याला एक सरी. मग एक नवरदेव आला, रविवारी लग्न आणि सूट अजून कापलेलासुद्धा नाही, तो पाया पडायला लागला, वहिनी म्हणाली, "पाया नका पडू, तसेच वाकलेले राहा, पुढे बटाटेच आहेत." नवरदेवाने चार भाऊ आणले. आणि दुपारी... दुपारी बँडवाले आले! अख्खं पथक! बारा जणांची लाल जाकिटं माझ्याकडे अडकलेली! ढोलवाला म्हणाला, "टेलर, रविवारी आम्ही काय बनियनवर वाजवायचं?" वहिनीने बारा टोपल्या पुढे सरकवल्या.

मला आजवर कळलंच नव्हतं हो, मी किती माणसांना रखडवलंय ते! सऱ्यांवर नजर टाकली तर सगळी माझीच गिऱ्हाइकं, आणि प्रत्येक जण कुदळ मारताना माझ्याकडेच बघून मारतोय! मी मान खाली घालून खणत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं पोतं शेडमध्ये गेलं, आणि पाऊस आला. धो धो! एक बटाटा भिजला नाही! दादा बाजेवर बसून खळखळून हसला. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा.

मग मी रात्रंदिवस एक करून सगळ्यांचे कपडे शिवले. कोट, गणवेश, सूट, जाकिटं, सगळे. एकाचंही माप चुकलं नाही. गिअरबॉक्स दुरुस्त झाला, म्हटलं, आता तरी या घरात ताठ मानेने जावं. गेलो. म्हटलं, "दादा, शाफ्ट दे, चार इंचांवर नीट कापून आणतो. पुढच्या वर्षी डिगर लोण्यासारखा चालेल."

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "डिगर विकला रे. शाफ्टसकट."

"विकला? मग पुढच्या वर्षी?"

वहिनी म्हणाली, "पुढच्या वर्षी चार एकर लावतोय. भावोजी, तुम्ही एवढंच करा. आतापासून लोकांचे कपडे घेत राहा... आणि शिवू नका."

आता काय बोलणार? मोठ्या वहिनीचा शब्द! घेतोय. हे मागचं कपाट भरलंय, ते माळ्यावरचं गाठोडं भरलंय... तुम्ही का हसायचे थांबलात? तुमची पँट? आहे ना, आहे, कुठे जातेय? ही घ्या पावती, नीट जपून ठेवा. तारीख वहिनी कळवेल. आणि येताना जुनी चप्पल घालून या.