कमरेच्या उंचीची कडी

गरिकाई: अहो बाई, थांबा! माझ्या दाराच्या चौकटीत काय ठोकताय हे?

ओतिलिया: ठोकत नाही साहेब, फिरवतेय. हा स्क्रू असा फिरवला की फाटक रुंद होतं, उलटा फिरवला की आखडतं. एक खिळा लागत नाही. भाड्याच्या खोलीत खिळा मारला की घरमालकीण अंगावर येते.

गरिकाई: ही भाड्याची खोली नाही, पेटंटची कचेरी आहे.

ओतिलिया: दार ते दार. झालं बघा, बसलं. तुमचं दार आमच्या म्बारे वस्तीतल्या दुसऱ्या खोलीच्या दाराएवढंच आहे. मला वाटलं होतं, साहेबांचं दार मोठं असेल.

गरिकाई: पत्रात मी ‘म्हणणं मांडायला या’ असं लिहिलं होतं. फाटक आणा असं लिहिलं नव्हतं.

ओतिलिया: हेच माझं म्हणणं. गाडीवाला कुरकुरत होता, याचं तिकीट कोण काढणार म्हणून. मी म्हटलं, मांडीवर घेते, लेकरू समज. हरारेभर मांडीवर घेऊन आलेय.

गरिकाई: बरं, बसा आता. तुम्ही ओतिलिया मुरोंबो. अर्ज तुमचा. रुंदी कमीजास्त होणारं, झुलतं सुरक्षा-फाटक. तपासनीस मी, गरिकाई. लिहून घेतो.

ओतिलिया: नुसतं गरिकाई? देवक कोणतं तुमचं?

गरिकाई: त्याचा इथे काय संबंध?

ओतिलिया: माणसाशी बोलायचं तर कुठल्या नात्यानं बोलायचं ते कळायला नको?

गरिकाई: ...वानर.

ओतिलिया: अगोबाई! माझंही वानरच. माझ्या बापाचं. मग मी तुझी आत्या झाले की रे! आणि मघापासून साहेब, साहेब करतेय.

गरिकाई: आत्या... म्हणजे, बाई, कचेरीत मी तपासनीसच.

ओतिलिया: कचेरी संध्याकाळी बंद होते बाळा. आत्या होत नाही. बोल, काय दोष काढलास माझ्या फाटकात?

गरिकाई: दोष नाही. फाटक चांगलं आहे, पण नवं नाही.

ओतिलिया: कालच तर रंग दिलाय!

गरिकाई: तसं नवं नाही. जगात आधी कुणी केलेलं नसावं, असं नवं. बाजारातली फाटकं रुंद होतात, पण त्यांच्या खाली आडवी पट्टी असते. तुमच्यात ती नाही.

ओतिलिया: पट्टीला ठेचकाळून बायका पडतात. पाठीवर लेकरू, हातात मक्याच्या उकळत्या साद्झाचं भांडं. पडली म्हणजे दोघं गेली.

गरिकाई: तेच तुमचं वेगळेपण, असं मलाही वाटलं होतं. मग शोध घेतला आणि हे सापडलं. तुमच्या अर्जाच्या जरासं आधी छापून जाहीर झालेलं. बघा आकृती. खाली पट्टी नाही. नळीत नळी सरकते. तुमचंच फाटक.

ओतिलिया: कुठलं हे?

गरिकाई: बोट्स्वाना. फ्रान्सिसटाउन.

ओतिलिया: नाव काय लावलंय?

गरिकाई: हे काय, खाली लिहिलंय.

ओतिलिया: तू वाच.

गरिकाई: चष्मा आणला नाही का?

ओतिलिया: चष्मा आहे. तू वाच.

गरिकाई: फुंगाई न्याकुद्या.

ओतिलिया: परत वाच.

गरिकाई: फुंगाई न्याकुद्या. ओळखता?

ओतिलिया: त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही. कधीच घेतलं नाही. तू घेतलंस, बरं वाटलं. फार दिवसांत कुणी घेतलं नव्हतं.

गरिकाई: तुमचे...?

ओतिलिया: मुलीचे बाबा. ती नुकती पाऊल टाकायला लागली होती, तेव्हा गेले. जोहान्सबर्गला जातो म्हणाले, कामाला. दोन पत्रं आली. मग कुणी म्हणालं खाणीत आहे, कुणी म्हणालं तुरुंगात आहे. मग सगळेच गप्प झाले. गप्प झालेले लोक फार वाईट रे, बोलणाऱ्यांशी भांडता तरी येतं. आणि हे कुठे? फ्रान्सिसटाउनला! हद्द ओलांडली की आलंच ते. आमच्या गल्लीतली एक जण तिथे टोमॅटो विकायला जाते! इतकी वर्षं मी खाली दक्षिणेकडे तोंड करून वाट बघत होते, आणि हा माणूस माझ्या बगलेला बसलाय.

गरिकाई: पाणी देऊ?

ओतिलिया: नको. पुढचं बोल. माझ्या अर्जाचं काय होणार?

गरिकाई: या कागदामुळे नामंजूर करावा लागेल. पण एक वाट आहे. तुमची कल्पना कुणी तुम्हाला न विचारता उचलली, आणि त्यानं ती जाहीर केली, तर तो कागद तुमच्या आड येत नाही. तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं, की या माणसानं माझं फाटक चोरलं. त्याची एक प्रत त्याला जाईल.

ओतिलिया: कुठे जाईल?

गरिकाई: पत्ता आहे ना त्यावर.

ओतिलिया: पत्ता आहे.

गरिकाई: आत्या?

ओतिलिया: दे तो कागद. करते सही.

गरिकाई: जरा विचार—

ओतिलिया: विचार करून केस पिकले. घर चोरलं, तारुण्य चोरलं, आता फाटकपण? आमच्या गल्लीतल्या सहा बायका माझ्यासोबत पाइप कापायला बसतात. दुकानदार दारात उभा आहे, पेटंट दाखव म्हणतो. त्यांना काय सांगू? ज्यानं मला बुडवलं त्यानं तुम्हालाही बुडवलं? पेन दे.

सारुदझाई: चहा आणलाय साहेब! हे काय लावलंय दाराला?

गरिकाई: थांब सारुदझाई, तुझे दोन्ही हात अडकलेत. मी येतो उघडायला.

(सारुदझाई ट्रे सांभाळत कमरेनं हलकाच धक्का देते. फाटक उघडतं, आणि तिच्या मागे आपोआप मिटतं.)

सारुदझाई: बाई गं! कुणी केलं हे? माझ्या कमरेलाच बरोब्बर लागलं.

ओतिलिया: तू माझ्याएवढीच बुटकी आहेस म्हणून.

सारुदझाई: माझ्या सुनेला पाहिजे असलं. तिचं पोर सारखं स्टोकडे रांगतं. कुठे मिळेल?

ओतिलिया: ते या साहेबांना विचार.

गरिकाई: चहा ठेव, सारुदझाई. नंतर बोलू.

सारुदझाई: जाते जाते. जातानापण कमरेनंच जाते, मजा वाटते.

गरिकाई: आत्या, मला हेच विचारायचं होतं. ही कडी इतकी खाली का? बाकी सगळ्या फाटकांना वर असते, पोराच्या हाताला लागू नये म्हणून.

ओतिलिया: हातानं उघडतच नाही ती. आधी जरा उचलायचं, मग ढकलायचं, दोन्ही एका ठेक्यात. त्याला कंबर लागते. पोराला कंबर असते कुठे? नुसतं पोट असतं. पाठीवर लेक, डोक्यावर बादली, एक हात बादलीला, दुसऱ्यात पातेलं. उरलं काय बाईकडे? कंबर. मी म्हटलं, कडी माझ्या कमरेला लावा. तर त्यांनी मला चौकटीत उभं केलं, खडूनं खूण केली. हसत होते. म्हणाले, नीट उभी राहा, नाचू नकोस.

गरिकाई: म्हणजे कडी तुमची कल्पना?

ओतिलिया: कडी माझी. नळीत नळी सरकवायचं त्यांचं. एका वर्षात तीन खोल्या बदलल्या आम्ही, प्रत्येक खोलीचं दार वेगळं. दर वेळी नवं फाटक कुठून करणार? म्हणून ते सरकतं केलं. मी त्याच्यावर गाणंपण केलं होतं, लेकीला निजवायला.

गरिकाई: फाटकावर गाणं?

ओतिलिया: हसू नकोस.
‘दारा रे दादा, नको जाऊस कामाला,
रांगत्या लेकीला माझ्या धर घडीभर हाताला.’
दादा राहिला. बाबा गेले कामाला.

गरिकाई: आत्या, ही आकृती बघा. त्यांचीही कडी खालीच आहे. मला वाटलं होतं, आकृती काढणाऱ्याची चूक असेल. उंची आकड्यात दिलीय. कारण काहीच दिलेलं नाही.

ओतिलिया: मोजायची टेप आहे तुझ्याकडे?

गरिकाई: ही घ्या.

ओतिलिया: तू धर. जमिनीपासून. हं, माझ्या कमरेपर्यंत. किती?

गरिकाई: आकृतीत आहे तेवढीच.

ओतिलिया: नीट बघ.

गरिकाई: बघितलं आत्या. बोटभरही फरक नाही.

ओतिलिया: तिकडे काय खडूची खूण होती होय रे? चौकट इथे, मी इथे. इतक्या वर्षांनी कशावरून काढली असेल त्यांनी माझी कंबर?

गरिकाई: पेन घेता?

ओतिलिया: ठेव जरा बाजूला. चहा पिऊ दे.

गरिकाई: एक विचारू? रागावू नका. नियमानं विचारावं लागतं. त्यांच्या अर्जावर संशोधक दोन आहेत. दुसरं नाव तुमच्या ओळखीचं आहे का? बाईचं वाटतंय.

ओतिलिया: बाईचं?

गरिकाई: यादीत असंच दिसतंय.

ओतिलिया: असेलच. पुरुषाची जात. तिलाही कंबर असेलच की. मी वेडी टेप लावून बसलेय. काय नाव सटवीचं?

गरिकाई: शुवाई. आडनाव आधी असतं यादीत. पुढे नुसतं म.

ओतिलिया: शुवाई?

गरिकाई: ओळखता?

ओतिलिया: माझ्या मुलीचं नाव शुवाई आहे.

गरिकाई: मग मुलीचं नाव घातलं असेल त्यांनी.

ओतिलिया: ती तेव्हा दात काढत होती रे! पुढचा म कसला?

गरिकाई: थांबा, मूळ पान उघडतो. यादी करणारे लांबलचक नावं तोडतात... आत्या.

ओतिलिया: काय?

गरिकाई: आत्या, तुम्हाला घरी काय म्हणतात? शेजारीपाजारी?

ओतिलिया: काय म्हणणार? जे सगळ्या बायकांना म्हणतात तेच. पहिल्या पोराच्या नावानं. माई शुवाई.

गरिकाई: तेच लिहिलंय. सबंध. ‘दुसरी संशोधक: माई शुवाई.’ आडनाव नाही, पत्ता नाही. असं नाव अर्जावर चालत नाही.

ओतिलिया: ओतिलिया म्हणून त्यांनी मला कधी हाकच मारली नाही. माझं कागदावरचं नाव त्यांना आठवत तरी असेल का कुणास ठाऊक. आणि मी... माझ्या अर्जावर त्यांचं नाव नाही गरिकाई. मी एकटीचंच लिहिलं. म्हटलं, नसलेल्या माणसाची सही कुठून आणू?

गरिकाई: तीच अडचण त्यांची झालीय.

ओतिलिया: म्हणजे?

गरिकाई: हे मी तपासनीस म्हणून सांगतोय, जाहीर नोंद आहे. त्यांचा अर्ज अडकलाय. दुसऱ्या संशोधकाची सही नाही. कचेरीनं कळवलं, एक तर सही आणा नाहीतर दुसरं नाव काढून टाका. नाव खोडलं असतं तर केव्हाच मंजूर झाला असता.

ओतिलिया: मग खोडलं नाही?

गरिकाई: नाही. दर वेळी मुदत वाढवून मागतायत.

ओतिलिया: कारण काय देतात? कारण द्यावं लागत असेल ना?

गरिकाई: लागतं.

ओतिलिया: वाच.

गरिकाई: ‘सही करणारी बाई बाहेर गेली आहे. आली की करील.’ दर वेळी हेच.

ओतिलिया: बाहेर गेली आहे? मी? मी बाहेर गेले आहे?

गरिकाई: आत्या, रडू नका.

ओतिलिया: रडत नाही, हसतेय मेल्या! बघ तरी, माणूस स्वतः उंबरा ओलांडून गेला आणि तिकडे सांगत बसलाय, बायको बाहेर गेलीय म्हणून. त्याच्या हिशोबानं तो घरात आहे आणि मी भटकतेय. असा कसा रे माणूस हा?

गरिकाई: रिकाम्या हातानं परत कसं यायचं, म्हणून माणसं येतच नाहीत. माझे काका नाही आले.

ओतिलिया: हात कुणी मागितले होते भरलेले? हात नुसते असते तरी चाललं असतं.

गरिकाई: आता भाचा म्हणून सांगतो. तुम्ही तिकडे सही केली तर ते फाटक दोघांचं होईल. तुमच्या बायकांना ते करता येईल, विकता येईल. इथला अर्ज मग मागे घ्यावा लागेल. सहीचा कागद मी टपालानं मागवू शकतो.

ओतिलिया: टपालानं नको.

गरिकाई: मग तुम्ही जाता फ्रान्सिसटाउनला? सकाळी गाडी असते.

ओतिलिया: मी कशाला जाऊ? गेला कोण? सही मी करीन. पण कागद घेऊन ज्याचा त्यानं यावं, माझ्यासमोर धरावा. उभ्यानं धरावा. मग बघीन.

गरिकाई: आणि चोरीचं?

ओतिलिया: फाड ते. एकाच खोलीत दोघांनी केलेलं कोण कुणाचं चोरतं?

गरिकाई: मग आज मी काय नोंदवू? मंजूर करता येत नाही, नामंजूर करावंसं वाटत नाही.

ओतिलिया: मलापण मुदत मिळते का रे? त्यांच्यासारखी?

गरिकाई: मिळते. मागितली तर मिळते. याची प्रत फ्रान्सिसटाउनलाही जाईल, त्यांचा कागद यात आलाय म्हणून. ते वाचतील.

ओतिलिया: वाचू देत. मागते मग.

गरिकाई: कारण लिहावं लागेल आत्या. काय लिहू?

ओतिलिया: लिही, बाई घरीच आहे.