सिंगापुरात बापाचा घास

...आन् वर पोरगा मलाच म्हणतोय, "बाबा, जरा हळू बोला, लोक बघतात." आरं, बघू दे की! बघायला तिथं दुसरं हाय काय? पाच दिस झालं मला सिंगापूरवरनं येऊन, आन् ज्यो भेटंल त्यो इचारतोय, "काय भिमाजीभाऊ, कसं काय शहर?" तर तुमाला सांगतो, शहर एकदम झ्याक. नाव ठेवायला जागा न्हाई. आन् तिथंच माझं डोस्कं उठलं, राव... माणूस चार दिस कुठं पावणा म्हणून गेला तर त्याला नाव ठेवायला जरा तरी जागा नगं व्हय?

आमचा आदेश तिथं कंपनीत हाय. त्यानं आन् सूनबाईनं, समृद्धीनं, तिकीट धाडलं. आमची मंडळी, ठकूबाई, म्हणली, "म्हशीची धार कोण काढनार? तुमीच या जाऊन." गेलो. आता रस्त्यानं चालावं तर पाय ठेवायची लाज वाटती... कागूद न्हाई, शेण न्हाई, कुत्रं न्हाई, एवढ्या मोटारी आन् हारन न्हाई. वास म्हणून कशाचा न्हाई! आपल्या मंचरच्या ष्टँडवर डोळं बांधून सोडलं तरी नाक सांगतं, हिकडं भजी, तिकडं मुतारी. तिथं नाक निसतं चष्मा ठेवायला. तंबाखूची पुडी तर पोरानं इमानात बसायच्या आधीच काढून घेतली, म्हणला, तिकडं चालत न्हाई, थुकलं तरी दंड. मंग सात दिस मी काय करायचं? निसता आवंढा गिळत बसलो.

आन् हिरवं म्हणाल तर लई हिरवं. गवत असं की म्हशीला दावलं तर ती परत आपल्या दावणीला यायची न्हाई. पर त्या गवतात एक शेरडू न्हाई! मशीन फिरवत्यात, कापत्यात, काळ्या पिशव्यांत भरत्यात आन् फेकून देत्यात. चारा, राव... फेकून! मी दोन पिशव्यांची गाठ सोडून बघितली, चांगला कवळा चारा. आदेश म्हणतो, "बाबा, कचऱ्यात हात घालू नका." कचरा म्हणं. मला तर त्या शहराची शिसारीच आली. पर नाव ठेवायला जागा न्हाई.

आता तुमी म्हणाल, भिमाजी, एवढं सुख टोचलं का तुला? तर ऐका. चूक माझीच. पितरपाटात कुणी घर सोडून जातं का? पर पोराला रजा तवाच. आन् आमच्या बापाची तिथ अष्टमीची, म्हंजी मी तिथं असतानाच. थोरला मी, पान मीच ठेवायचं. समृद्धीनं बिचारीनं सगळं केलं, खीर, वडं, कढी, गवारीची भाजी. केळीचं पानबी आनलं, पिलाश्टिकात गुंडाळलेलं. झालं. आता ठेवायचं कुठं? ऱ्हायला सोळाव्या मजल्यावर, गच्चीला कुलूप. मंग मी, आदेश आन् पान, तिघं लिफ्टमधनं खाली बागंत. हिरवळीवर पान मांडलं, पाणी फिरवलं, हात जोडलं, आन् हाळी दिली, "काव... काव... काव..."

एक कावळा न्हाई.

अर्धा तास झाला, तास झाला. एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत थांबली, तिचं कुत्रंबी थांबलं, दोघंबी माझ्याकडं बघत्यात. मी आपला, "काव, काव." तेवढ्यात एक साळुंकी आली आन् वड्याला चोच मारून गेली. आदेश खूश. "झालं बाबा, पक्षी शिवला. चला वर." आरं बाबा, पक्षी म्हंजी काय कुनीबी? तलाठ्याच्या जागी शिपायानं सही मारली तर उतारा चालंल का?

पर खरं सांगतो, साळुंकीवर भागवायची माझी छाती न्हवती. का? तर त्याच्या मागं गोष्ट हाय. धाकटा भाऊ चिमाजी आन् मी, चार वर्सं झाली, आमच्यात बोलनं न्हाई. कशावरनं? बांधावरच्या आंब्यावरनं. बाप जाताना माझ्या कानाशी म्हणला व्हता, "भिमा, आंबा धाकल्याला दे." दुसऱ्या कुनी ऐकलं न्हाई. मीबी न्हाई ऐकलं, असं धरून चाललो. दहाव्याला घोडनदीच्या काठावर कावळा शिवंना, मंग मी मनातल्या मनात कबूल केलं, "देतो बाबा आंबा." लगीच शिवला. आन् घरी आल्यावर मी फिरलो. एक डाव बापाला फसवलं, आता त्यो दुसऱ्या डावाला कसा गावंल?

आदेशच्या मोबाईलवरनं घरी फोन लावला. ठकूबाई म्हणली, "कावळा येत न्हाई? मंग मामंजींची विच्छा ऱ्हायली आसंल. तुमचं तुमाला ठावं." तिला कायबी ठावं न्हाई आन् समदं ठावं, बाया तशाच असत्यात. मंग मी पानाकडं बघून, हात जोडून, मोठ्यानं म्हणलो, "बाबा, आंबा चिमाजीचा! सगळा चिमाजीचा! पर घास घ्या!" मोठ्यानं का? आवो, फोन कान-खांद्यात धरलेलाच व्हता आन् सिंगापूर काय शेजारच्या पेठला हाय व्हय, बारीक बोलून कसं पोचंल? ठकूबाईनं कान फुटंल म्हणून फोन लांब धरला. घराला मधी एकच भिंत. पलीकडं चिमाजी भाकर खात बसलेला... भाकर तशीच टाकून उठला म्हणं.

आन् कावळा? कावळा न्हाईच आला. आला त्यो बागंतला झाडूवाला. काळासावळा, कपाळाला इभूत, आपल्याच मुलखातला, मद्रासकडचा. मला वाटलं आता दंड. पर त्यानं पान बघितलं, पायातलं बूट काढलं आन् पानाला हात जोडलं. मंग वर आभाळाकडं बोट केलं, दोन्ही हातांनी बंदूक धरल्यावानी केली, आन् म्हणला, "ठो."

आदेशनं त्याच्याशी इंग्रजीत बोलून मला सांगितलं, "बाबा, तो म्हणतो, इथं घाण करतात म्हणून कावळे कधीच मारून कमी केले. या भागात तर एकही नाही. त्याच्या बापाचं पान त्याच्या गावी धाकटा भाऊ ठेवतो."

तिथं मातर मला चिमाजी आठवला, राव. त्या झाडूवाल्याला सांगायला गावाकडं भाऊ हाय. मलाबी हाय की! एक शब्द टाकला असता तर चिमाजीनं पान ठेवलं नसतं का? पर चार वर्सं तोंड न्हाई उघडलं, आन् उघडलं ते असं. कावळा नसलेल्या गावात जाऊन कावळ्यासाठी आंबा देऊन बसलो. त्या मानसानं हात जोडून पान उचललं, पिशवीत घातलं, गवत पुसून घेतलं. खिरीचा एक थेंब ऱ्हाऊ दिला न्हाई. नाव ठेवायला जागा न्हाई.

परत आलो तर मंचरच्या ष्टँडवर चिमाजी हजर. चार वर्सांनी. माझी पिशवी उचलून म्हणतो, "चल दादा." आता ष्टँडवर शंभर मानसांत काय म्हणनार, की बाबा त्यो आंबा गैरसमजुतीत दिला? गुमान चाललो.

परवा सर्वपित्रीला मंग राहिलेलं पान ठेवलं, आपल्याच पत्र्यावर. तुमाला सांगतो, पानावरनं हात काढतोय न काढतोय तोच कावळा! वडा उचलला, भुर्र... आन् जाऊन बसला कुठं, तर बांधावरच्या आंब्यावर. तिथंच ऱ्हातोय म्हणं त्यो, लई वर्सांपासनं. शेजारी चिमाजी उभा. कावळ्याकडं बोट करून निसतं एवढंच म्हणला, "दादा, आमच्यातला हाय."

म्हंजी आंबा गेला त्यो गेलाच, आन् बापाला घास पोचवायचा तर हितनं पुढं कावळाबी धाकल्याचाच. बापानं वाटनी अशी केली बघा... नाव ठेवायला जागा न्हाई.